पालीची ऊब : एका लहान प्राण्याच्या घराचे तपमान

हिवाळ्यातील एखाद्या संध्याकाळी, ऊन गेल्यानंतर तासाभराने, अंगणातील दगडी पायरीवर हात ठेवून पाहावा. हवा गार झालेली असते, झाडांची पाने थंड लागतात. दगड मात्र अजून कोमट असतो. दिवसभर साठविलेली उष्णता तो सावकाश परत करीत असतो. आपणांस ह्या उबेचे विशेष वाटत नाही, कारण आपल्या शरीराची भट्टी आतच पेटलेली असते. परंतु ज्यांना अशी आतली भट्टी नाही, असे असंख्य प्राणी ह्या पृथ्वीवर आहेत. त्यांचे धावणे, त्यांचे पचन, त्यांची वाढ, आजाराशी त्यांची झुंज, ही सारी अशा एखाद्या कोमट दगडावर अवलंबून असतात.

अशाच एका प्राण्याची ही हकिगत आहे. इंग्रजीत त्यास 'लेपर्ड गेको' म्हणतात. आपण त्यास बिबट-पाल म्हणू. पिवळसर अंगावर काळे ठिपके, जाड शेपटी आणि शांत स्वभाव ह्यांमुळे ही पाल जगातील अनेक देशांत हौसेने पाळली जाते. पिंजऱ्यातच जन्मलेल्या पाली पिढ्यान्‌पिढ्या पाळणाऱ्यांच्या हाती येत आहेत, आणि चांगली निगा राखल्यास अशी पाल पंधरा-वीस वर्षेही जगते. परंतु पुष्कळ पाली इतक्या जगत नाहीत. अन्नपाणी असते, प्रेमही असते. चूक होते ती बहुधा तपमानात. ती चूक कशी होते आणि कशी टाळावी, हे पाहणे म्हणजे जीवशास्त्र आणि पदार्थविज्ञान ह्यांचा एक सुंदर पाठ एकत्र वाचण्यासारखे आहे.

मिठाच्या डोंगरांतील रहिवासी

ह्या पालीचे शास्त्रीय नाव 'युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस' असे आहे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे त्या वेळचे अधिकारी एडवर्ड ब्लाइथ यांनी 1854 मध्ये तिचे प्रथम वर्णन केले. त्यांच्यापुढील नमुना पंजाबातील 'सॉल्ट रेंज' म्हणजे मिठाच्या डोंगरांतून आलेला होता. हा प्रदेश आज पाकिस्तानात आहे. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत येथील कोरड्या, खडकाळ टेकड्या हे तिचे मूळचे घर होय.

'युब्लेफॅरिस' ह्या नावाचा अर्थ 'चांगल्या पापण्यांची' असा होतो. आपल्या घरातील भिंतीवरच्या पालीला हलणाऱ्या पापण्या नसतात. ती जिभेने डोळा पुसते. बिबट-पालीला मात्र खऱ्या, मिटणाऱ्या पापण्या असतात. तिच्या बोटांच्या टोकाला चिकटणाऱ्या गाद्याही नसतात; तेथे साधी नखे असतात. त्यामुळे ती भिंतीवर चढत नाही, जमिनीवरच हिंडते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण जमिनीवर राहणाऱ्या प्राण्याचा उष्णतेशी संबंध मुख्यतः पोटाकडून येतो.

तिच्या जवळच्या नात्यातील पाली भारतातही आहेत. महाराष्ट्र आणि गुजरात येथे आढळणारी 'युब्लेफॅरिस फस्कस' ही त्यांपैकी एक. 2014 मध्ये झीशान मिर्झा आणि त्यांचे सहकारी यांनी मध्य भारतातील आणखी एका जातीस सातपुडा पर्वताचे नाव दिले. ह्या पाली विषारी असतात, त्यांच्या चाव्याने माणूस मरतो, असा समज आपल्या अनेक भागांत आहे आणि त्यापायी त्या ठेचून मारल्या जातात. हा समज निराधार आहे. ह्यांपैकी कोणत्याही पालीत विष नाही. त्याचबरोबर रानातील पाल पकडून घरी आणणे हेही अयोग्यच होय. आपल्याकडील वन्य प्राण्यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेले आहे, आणि रानातील पालीचे खरे घर रानच असते. पुढे जे सांगावयाचे आहे ते पिंजऱ्यात जन्मलेल्या आणि कायदेशीर मार्गाने मिळालेल्या प्राण्यासंबंधी आहे.

'थंड रक्त' हा शब्द फसवा आहे

सरपटणाऱ्या प्राण्यांना आपण 'थंड रक्ताचे' म्हणतो. हा शब्द सोयीचा असला तरी बरोबर नाही. भर उन्हात बसलेल्या सरड्याचे रक्त आपल्या रक्ताइतके, कधी कधी त्याहूनही उष्ण असू शकते. फरक रक्ताच्या उष्णतेत नसून ती उष्णता कोठून येते ह्यात आहे. आपण खाल्लेल्या अन्नाचा मोठा भाग शरीर तापते ठेवण्यात खर्च करतो. पाल ती उष्णता बाहेरून, सूर्याकडून आणि दगडाकडून, फुकट मिळविते. म्हणून अशा प्राण्यांना 'बाह्यतापी' म्हणणे अधिक युक्त होय. ह्या काटकसरीमुळेच, माणसाला एक दिवस कठीण जावा अशा उपासात बिबट-पाल शेपटीतील चरबीवर कित्येक आठवडे काढू शकते.

हे प्राणी उष्णतेच्या बाबतीत अगदी परावलंबी असतात, हवा जशी असेल तसे त्यांचे शरीर होते, असे पूर्वी मानीत. ह्या कल्पनेला मोठा धक्का दिला तो रेमंड कौल्स आणि चार्ल्स बोगर्ट ह्या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील सरपटणाऱ्या प्राण्यांची शरीर-तपमाने त्यांनी परिश्रमपूर्वक मोजली आणि 1944 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हिंडत्याफिरत्या सरड्याचे तपमान वाटेल तसे बदलत नाही, ते एका ठरावीक मर्यादेत राहते, असे त्यांना दिसले. सरडा उन्हात येतो, सावलीत जातो, अंग उन्हाकडे वळवितो, बिळात शिरतो. आणि ह्या साध्या हालचालींनी तो आपले तपमान सांभाळतो. आपल्या शरीरात जे काम घाम आणि कापरे करतात, ते काम सरडा पायांनी करतो, असे म्हटले तरी चालेल.

ह्यातून एक महत्त्वाचा सिद्धान्त निघतो. पालीला हवे असते ते एक तपमान नव्हे. तिला हवी असते तपमानांची निवड. रानात ही निवड तिला दर पावलाला मिळते. पेटीत ठेवलेल्या पालीला मात्र ती आपणच द्यावी लागते. आपण जर सबंध पेटी एकसारखी तापविली, तर तो आकडा कितीही विचारपूर्वक निवडलेला असो, आपण त्या प्राण्याचे एकमेव साधन काढून घेतलेले असते.

उष्णता आणि पचन

उष्णता कमी पडली म्हणजे नेमके काय बिघडते? शरीरातील बहुतेक रासायनिक क्रिया विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या साहाय्याने चालतात, आणि त्यांची गती तपमानावर अवलंबून असते. सामान्य नियम असा, की सोसेल त्या मर्यादेत तपमान 10 अंशांनी वाढले, की ही गती दुप्पट ते तिप्पट होते. उदाहरणादाखल ही गती अडीचपट होते असे धरू. मग 32 अंश सेल्सिअसला जे अन्न दोन दिवसांत पचेल, त्यास 22 अंशांना पाच दिवस लागतील.

आता असे समजा, की एका घरी काचेच्या पेटीत बिबट-पाल आहे. पेटीच्या काचेवर चिकटविलेला तापमापक 30 अंश दाखवितो. पाल मात्र मंद झाली आहे. खाल्लेला किडा दोन दिवसांनी तिने अर्धवट पचलेल्या स्थितीत ओकून टाकला आहे. घरातील मंडळी काळजीत पडतात आणि तिला शक्ती यावी म्हणून आणखी खाऊ घालतात. वस्तुतः तापमापक दिव्याजवळच्या हवेचे तपमान दाखवीत आहे. पाल जेथे पोट टेकून बसते ती जमीन अवघी 23 अंशांची आहे. पोटातील अन्न पचण्याऐवजी कुजत आहे, आणि प्रेमाने दिलेला प्रत्येक घास तिचा त्रास वाढवीत आहे. येथे औषध अन्न नव्हे, ऊब हे आहे. म्हणून जाणकारांचा पहिला नियम असा असतो : पाल खात नसेल तर आधी तपमान मोजा; तपमान कमी असेल तर ते सुधारेपर्यंत तिला खाऊ घालू नका. तपमान बरोबर असूनही ती खात नसेल, तर मात्र विलंब न लावता पशुवैद्यास दाखवा.

कोणत्या जागी किती अंश?

बिबट-पाल ही संधिप्रकाशात आणि रात्री हिंडणारी आहे. दिवसा ती कपारीत दडून बसते; पण तिच्या डोक्यावरचा खडक उन्हाने तापलेला असतो आणि ती ऊब तिच्यापर्यंत झिरपत येते. सूर्यास्तानंतर ती बाहेर पडते, तेव्हा पायाखालचे दगड अद्याप कोमट असतात. पोट दगडाला टेकून ती जी उष्णता घेते, ती वहनाने मिळालेली उष्णता होय. ह्याच चित्राची प्रतिकृती पेटीत उभी करावयाची असते.

त्यासाठी पेटी पुरेशी लांब हवी; एका मोठ्या पालीस सुमारे 90 सेंटिमीटर लांब आणि 45 सेंटिमीटर रुंद पेटी योग्य होय. आखूड पेटीत एक टोक तापविले की दुसरेही तापते, आणि निवड नाहीशी होते. उष्णतेचे साधन नेहमी एकाच टोकाला असावे. सर्वसाधारणपणे तळाच्या एक-तृतीयांश भागाहून अधिक जागा त्याने व्यापू नये. मग पुढील प्रमाण साधावे.

उष्ण टोकाला, जेथे पाल पोट टेकते त्या पृष्ठभागाचे तपमान 32 ते 34 अंश असावे. मध्यभागी ते सुमारे 27 ते 29 अंश येते. थंड टोकाला ते 22 ते 25 अंश असावे. रात्री सारी पेटी 20 अंशांच्या आसपास उतरली तरी निरोगी, प्रौढ पालीस अपाय होत नाही. तिच्या मूळ प्रदेशातील रात्री दिवसांपेक्षा बऱ्याच थंड असतात. खोलीच 18 अंशांच्या खाली जात असेल, तर मात्र रात्रीही थोडी ऊब पुरवावी.

केवळ आकडे साधून भागत नाही. दोन्ही टोकांना लपण्याची जागा हवी. पाल ही भक्ष्य होणाऱ्या प्राण्यांपैकी आहे. उघड्यावर बसणे तिला धोक्याचे वाटते. उष्ण टोकाला कपार आहे आणि थंड टोकाला नाही, अशी स्थिती असेल, तर अंग तापून गेल्यावरही ती भीतीमुळे तेथेच दबून राहील. तिला ऊब आणि सुरक्षितता ह्यांत निवड करावी लागू नये. ह्या दोन कपारींखेरीज एक तिसरी, ओलसर शेवाळ किंवा ओला कागद घातलेली कपार ठेवावी. कात टाकताना तिचा उपयोग होतो. कात नीट सुटली नाही तर ती बोटांभोवती आवळून बसते आणि बोटे गळून पडतात.

तापमापक कोठे ठेवावा?

वरील उदाहरणात दोष तापमापकाचा नव्हता. त्यास चुकीच्या जागी प्रश्न विचारला गेला होता. हवेचे तपमान, काचेचे तपमान आणि जमिनीचे तपमान ह्या तीन भिन्न गोष्टी आहेत. पालीचे पोट ज्यास टेकते तेच मोजले पाहिजे. तारेच्या टोकाला संवेदक असलेला अंकदर्शी तापमापक ह्या कामी उत्तम. त्याचे टोक उष्ण कपारीच्या आत, जमिनीलगत ठेवावे. दुसरा तसाच तापमापक थंड टोकाला ठेवावा. अवरक्त किरणांवर चालणारा, हातात धरावयाचा तापमापकही उपयोगी पडतो, परंतु तो केवळ वरच्या पृष्ठभागाचे तपमान सांगतो आणि चकचकीत वस्तूंवर फसतो. काचेवर चिकटवावयाच्या गोल तबकडीवर विसंबू नये.

आणखी एक फसगत पुष्कळदा होते. तापणारी चटई पेटीखाली ठेवून वर वाळूचा जाड थर देतात. वाळू ही उष्णतेची मंद वाहक आहे. त्यामुळे वरचा थर गार राहतो आणि खाली उष्णता साठत जाते. मालक चटई अधिक तापवितो. एके दिवशी पाल वाळू उकरून तळाशी पोहोचते आणि तिचे पोट भाजते. सरपटणाऱ्या प्राण्यांना पोटाला लागलेली झळ ताबडतोब उमजून ते दूर होतात, असे नाही. ते भाजेपर्यंत बसून राहिल्याची उदाहरणे पशुवैद्यांच्या नित्य पाहण्यातील आहेत. आत वीज खेळविलेले कृत्रिम 'तप्त दगड' ह्याच कारणास्तव टाळावेत.

नियंत्रकावाचून उष्णता नको

उष्णतेचे साधन आणि वीज ह्यांच्यामध्ये थर्मोस्टॅट, म्हणजे तपमान-नियंत्रक, असलाच पाहिजे. हा शब्द अँड्र्यू यूर ह्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने 1830 च्या सुमारास रूढ केला. दोन भिन्न धातूंच्या पट्ट्या एकमेकींस जोडल्या, की तापल्यावर एक अधिक प्रसरण पावते आणि जोडपट्टी वाकते. ह्या वाकण्याने झडप किंवा विद्युत्‌मंडल उघडता-मिटता येते, ही त्यामागील कल्पना होती. आजच्या नियंत्रकात पट्टीऐवजी सामान्यतः एक लहान अर्धवाहक मणी असतो. तपमानाप्रमाणे त्याचा विद्युत्‌रोध बदलतो आणि त्यावरून यंत्रास तपमान कळते.

नियंत्रक दोन प्रकारचे असतात. साधा नियंत्रक प्रवाह चालू किंवा बंद करतो. चटईस तो पुरतो. दिव्यास मात्र प्रवाह हळूहळू कमीजास्त करणारा नियंत्रक हवा. नाही तर दिवा सतत लुकलुकत राहील. नियंत्रक बसविल्यावर पाल लगेच आत सोडू नये. दोन-तीन दिवस रिकामी पेटी चालवावी, सकाळ, दुपार आणि रात्र अशी नोंद ठेवावी, आणि आकडे स्थिरावल्यावरच तिला घरात आणावे. नियंत्रकाचा संवेदक जागेवरून सरकणार नाही असा पक्का बसवावा. तो निसटून थंड टोकाला पडला, तर यंत्रास वाटेल की पेटी गार आहे, आणि ते उष्ण टोक तापवीतच राहील.

रात्रीच्या उबेसाठी लाल दिवा लावण्याची पद्धत होती. लाल प्रकाश पालींना दिसत नाही असे मानीत. हा समज टिकणारा नाही. 2004 मध्ये लीना रॉथ आणि आल्मुट केल्बर ह्या संशोधिकांनी एका निशाचर पालीवर प्रयोग करून दाखविले, की आपणांस रंग दिसेनासे होतात अशा मंद प्रकाशातही तिला रंग ओळखता येतात. रात्र ही पालीला काळोखीच मिळाली पाहिजे. उष्णता हवीच असेल, तर प्रकाश न देणारे चिनीमातीचे तापक किंवा चटई वापरावी.

आपला उन्हाळा

पाश्चात्य देशांतील पुस्तके वाचून पाल पाळणारा केवळ थंडीची चिंता करतो. आपल्या देशात प्रश्न दुहेरी आहे. दिल्लीत जानेवारीतील रात्री तपमान 5 अंशांच्याही खाली उतरते. नागपुरात मे महिन्यात ते 45 अंशांच्या वर जाते. जी पाल वाळवंटी म्हणून ओळखली जाते, तिला हा उन्हाळा सहज सोसेल, असे वाटणे स्वाभाविक आहे; पण ते चूक आहे. वाळवंटातील पाल दुपारी वाळवंटात नसतेच. ती जमिनीखाली, गारव्यात असते. कौल्स आणि बोगर्ट यांच्या निरीक्षणांतील हाही एक भाग होता, की प्राणी ज्या तपमानास स्वखुशीने वावरतो आणि ज्या तपमानास त्याची हालचालीवरील सत्ता सुटते, त्यांतील अंतर फार थोडे असते. थंडी सावकाश मारते. उष्णता काही मिनिटांत मारू शकते.

म्हणून पेटीतील थंड टोक 30 अंशांच्या वर जाऊ लागले, की उष्णतेचे साधन बंद करावे. सबंध पेटी 35 अंशांच्या वर जाणे धोक्याचे होय. पाल तोंड वासून बसली किंवा सैरभैर धावू लागली, तर तिला तत्काळ गार जागी न्यावे. काचेची पेटी उन्हात कधीही ठेवू नये; ऊन काचेतून आत येते, तापलेली हवा आत कोंडते, आणि पेटीची भट्टी होते. पेटी घरातील सर्वांत गार खोलीत, शक्य तर जमिनीवर ठेवावी. कोरड्या हवेच्या प्रदेशात एक स्वदेशी युक्ती उत्तम चालते : माठाचे खापर पाण्यात भिजवून थंड टोकाला पालथे घालावे. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने, म्हणजे बाष्पीभवनाने, त्याखालची जागा गार राहते. मुंबई किंवा चेन्नई येथील दमट हवेत बाष्पीभवन मंद असल्यामुळे ह्या युक्तीचा गुण कमी येतो. तेथे पंखा आणि खेळती हवा ह्यांवर भर द्यावा लागतो. हिवाळ्यात वीज गेल्यास पेटीवर घोंगडी पांघरावी, हवेची वाट मोकळी ठेवावी, आणि वीज येईपर्यंत पालीस खाऊ घालू नये.

पालीचा ताप

आजारी माणसास ताप येतो. पालीला आतली भट्टी नाही. मग तिला ताप येतो काय? ह्या प्रश्नाचे उत्तर मॅथ्यू क्लूगर आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील वाळवंटी इग्वाना ह्या सरड्यावर प्रयोग करून 1974 व 1975 मध्ये दिले. सरड्यांना रोगजंतूंची लागण झाली, तेव्हा ते नेहमीपेक्षा अधिक उष्ण जागी जाऊन बसू लागले. म्हणजे ताप त्यांनी पायांनी चालत जाऊन मिळविला. मग लागण झालेल्या सरड्यांचे गट 34 ते 42 अंशांपर्यंतच्या निरनिराळ्या, ठरावीक तपमानांत ठेविले. अधिक उष्ण गटांतील सरडे मोठ्या संख्येने जगले. थंड गटांतील मरण पावले. ताप हा केवळ रोगाचा त्रास नसून शरीराचा एक बचाव आहे, ह्या मतास ह्या प्रयोगाने बळकटी आली. हे आकडे इग्वानाचे आहेत, बिबट-पालीचे नव्हेत. पण ज्या पेटीत उष्ण टोकच नाही, तेथील आजारी प्राण्यापासून आपण कोणते औषध हिरावून घेतो, हे ह्यावरून कळून येईल.

अंड्यात ठरणारे लिंग

तपमानाचा सर्वांत आश्चर्यकारक परिणाम अद्याप सांगावयाचा आहे. माणसात मूल मुलगा होणार की मुलगी, हे गर्भधारणेच्या क्षणी गुणसूत्रांवरून ठरते. बिबट-पालीत तसे नाही. तिचे अंडे उबविताना, मुख्यतः त्या काळाच्या मधल्या भागात, जे तपमान असेल त्यावरून लिंग ठरते. सुमारे 26 अंशांना जवळजवळ सर्व माद्या निपजतात, 30 अंशांना माद्या अधिक आणि थोडे नर, 32.5 अंशांच्या आसपास बहुसंख्य नर. आणि 34-35 अंशांना पुन्हा बहुतेक माद्याच. सरपटणाऱ्या प्राण्यांत तपमानाने लिंग ठरू शकते, हे प्रथम 1966 मध्ये मॅडलीन शार्निए यांनी आफ्रिकेतील एका सरड्यात दाखवून दिले होते. पुढे अनेक कासवांत आणि सर्व सुसरी-मगरींत तीच रीत आढळली.

टेक्सास विद्यापीठातील डेव्हिड क्रूज आणि त्यांचे सहकारी यांनी बिबट-पालीवर पुष्कळ काम केले. अंडे कोणत्या तपमानास उबले, ह्याचा ठसा मोठ्या झालेल्या पालीच्या वागणुकीवरही राहतो, असे त्यांना आढळले. जेथे नर अधिक निपजतात अशा तपमानातून आलेल्या माद्या अधिक आक्रमक असतात. दोन-चार अंशांचा फरक आपल्याला अंगातील सदऱ्याइतकाही जाणवत नाही. पण अंड्यात तो एका आयुष्याची दिशा ठरवितो. पृथ्वीचे तपमान वाढत असताना अशा प्राण्यांकडे शास्त्रज्ञ चिंतेने का पाहतात, ह्याचा उलगडा येथे होतो. पाल चालत जाऊन सावली शोधते; अंडे चालू शकत नाही.

पालीवाचून करण्याजोगा प्रयोग

ह्या सर्व गोष्टी समजण्यासाठी शाळेत पाल आणण्याची आवश्यकता नाही. सुमारे एक मीटर लांबीचे लाकडी खोके घ्यावे. एका टोकाला गरम पाण्याची रबरी पिशवी आडवी ठेवून तीवर शहाबादी फरशीचा पातळ तुकडा ठेवावा. एक तापमापक फरशीवर, एक मध्यभागी, एक दूरच्या टोकाला, आणि एक फरशीच्या वर वीतभर उंचीवर हवेत टांगावा. दर दहा मिनिटांनी दोन तासपर्यंत चारही आकडे लिहून आलेख काढावा. फरशी लगेच तापत नाही आणि पाणी निवाल्यावरही लगेच निवत नाही, हे दिसून येईल. टांगलेला तापमापक आणि फरशीवरचा तापमापक ह्यांच्यात किती अंतर पडते, तेही कळेल. मग फरशीवर दोन बोटे जाडीचा वाळूचा थर पसरून प्रयोग पुन्हा करावा आणि वाळूच्या वरचे व खालचे तपमान ताडून पाहावे. पाणी ओतण्याचे काम शिक्षकांनी करावे.

हा आलेख पुढे ठेवून विद्यार्थ्यांनी स्वतःस एकच प्रश्न विचारावा : ह्या खोक्यात मी पोटावर सरपटणारा, बोलू न शकणारा प्राणी असतो, तर कोणत्या वेळी कोठे बसलो असतो? बिबट-पाल आपणांस थंडी वाजते असे सांगत नाही. ती फक्त कमी हलते, कमी खाते आणि एके दिवशी थांबते. तिच्या वतीने बोलू शकतो तो तापमापक, आणि तोही योग्य जागी ठेविला तरच. पाळलेल्या प्राण्याचे आपल्यावर जे ऋण असते, ते दयेने फिटण्यापूर्वी मोजमापाने फेडावे लागते.